राज्यव्यापी ज्ञानजाळे : मिशिगन राज्याचे उदाहरण

(इयत्ता सातवी व आठवी. भूगोल, सामान्य विज्ञान व अंकगणित यांचा समन्वित पाठ. तासिका : तीन.)

पाठाचा हेतू

इंटरनेट हा शब्द आता खेड्यातील लहान मुलांच्याही तोंडी आहे. परंतु त्यामागील जाळे कोणी विणले, कशासाठी विणले, आणि ते विणताना कोणत्या अडचणी आल्या, ह्याची कल्पना फार थोड्यांना असते. जाळे म्हणजे घरातील मोबाईल, अथवा फार तर गावाबाहेरचा उंच मनोरा, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. ती दूर करावी, हा ह्या पाठाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू असा की, असे जाळे केवळ तारांनी व यंत्रांनी उभे राहत नाही. निरनिराळ्या संस्थांनी आपापले स्वत्व राखून एक समान नियम पाळण्याचे ठरविले, म्हणजेच ते उभे राहते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसावे. आणि तिसरा हेतू हा की, जाळ्याची खरी कसोटी त्याच्या मध्यभागी नव्हे, तर अगदी शेवटच्या घरी लागते, हे त्यांना उदाहरणाने पटावे.

ह्यासाठी अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण घेतले आहे. विद्यापीठांनी एकत्र येऊन राज्यपातळीवर संगणकांचे जाळे उभारण्याचा अगदी आरंभीचा प्रयत्न तेथे झाला. आणि त्यासाठी स्थापन झालेली संस्था आजही कार्य करीत आहे.

१. मिशिगनची भूमी

पाठाचा आरंभ नकाशाने करावा. अमेरिकेच्या उत्तर सीमेवर पाच विशाल सरोवरे आहेत. त्यांच्यामध्ये मिशिगन राज्य वसलेले आहे. पाण्यामुळे ह्या राज्याचे दोन तुकडे पडले आहेत. एक दक्षिणेकडील द्वीपकल्प, दुसरे उत्तरेकडील. दोहोंच्या मध्ये मॅकिनॉची सामुद्रधुनी आहे. तिच्यावरील सुमारे पाच मैल लांबीचा पूल १९५७ साली वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी लोक व गाड्या नावेतून पलीकडे नेल्या जात.

राज्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी आहे. उत्तरेकडील द्वीपकल्पात राज्याच्या भूमीचा शेकडा तीसच्या आसपास भाग येतो. परंतु तेथे राहणारे लोक शेकडा तीनच आहेत. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. पाठाच्या उत्तरार्धात त्याचे प्रयोजन पडेल.

२. तीन विद्यापीठे, तीन संगणक

१९६० नंतरच्या दशकात संगणक ही फार मोठी व फार महागडी वस्तू होती. एका यंत्रास एक दालन लागे. मिशिगनमध्ये तीन मोठी विद्यापीठे होती : अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठ, ईस्ट लॅन्सिंग येथील मिशिगन स्टेट विद्यापीठ आणि डेट्रॉइट शहरातील वेन स्टेट विद्यापीठ. प्रत्येकाजवळ आपला संगणक होता. परंतु एकाजवळ जी सोय होती ती दुसऱ्याजवळ नव्हती. प्रत्येकाने सर्व सोयी स्वतंत्रपणे विकत घेणे हे राज्याच्या पैशाच्या दृष्टीने उधळपट्टीचे झाले असते. तेव्हा आहे ती साधने परस्परांना वापरू द्यावीत, ह्या विचाराने १९६६ साली ह्या तिघांनी मिळून एक संस्था स्थापिली. तिचे नाव ‘मेरिट’. ‘मिशिगन शैक्षणिक संशोधन माहिती त्रयी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनले आहे.

आरंभीचा पैसा राज्य शासनाने व अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने दिला. परंतु पैशाहून मोठी अडचण दुसरीच होती. तिघांचे संगणक एकाच जातीचे नव्हते. दोन विद्यापीठांकडे आय.बी.एम. कंपनीची यंत्रे होती, तर तिसऱ्याकडे सी.डी.सी. कंपनीचे यंत्र होते. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नव्हती. अशा वेळी सर्वांनी एकाच कंपनीचे यंत्र घ्यावे, असा हुकूम काढणे हा एक मार्ग होता. मेरिटने तो पत्करला नाही. प्रत्येक विद्यापीठात मोठ्या संगणकाच्या शेजारी एक लहान संगणक दुभाष्या म्हणून बसवावा. मोठ्या यंत्राने आपल्या दुभाष्याशी आपल्या रीतीने बोलावे. आणि तिन्ही दुभाष्यांनी आपापसात मात्र एकच ठरीव रीत पाळावी, अशी योजना एरिक ऑपर्ली ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली आखण्यात आली.

कामाची वाटणीही ध्यानात घेण्याजोगी आहे. दुभाषी यंत्रांना लागणारी आज्ञावली मेरिटच्या लोकांनी लिहिली. परंतु प्रत्येक विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रास लागणारी आज्ञावली त्या त्या विद्यापीठातील लोकांनीच लिहिली. म्हणजे जो भाग सर्वांचा, तो सर्वांच्या संस्थेने केला. जो घरचा, तो घरच्यांनी केला.

१९७० च्या जूनमध्ये ही दुभाषी यंत्रे तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिशिगन विद्यापीठ व वेन स्टेट विद्यापीठ ह्यांच्यातील जोडणी लोकांना प्रत्यक्ष दाखविण्यात आली. ऑक्टोबर १९७२ मध्ये तिसरे विद्यापीठ जोडले गेले, आणि १५ मे १९७३ रोजी जाळ्याचे रीतसर उद्घाटन झाले. संस्था स्थापन झाल्यापासून पहिली जोडणी होईपर्यंत पाच वर्षे गेली, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम सांगावी. सहकार्याचे काम प्रारंभी मंद वाटते. परंतु एकदा नियम ठरला की नवा सभासद येण्यास फारसे सायास पडत नाहीत. पुढे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ व राज्यातील इतर संस्था ह्याच जाळ्यात येत गेल्या.

३. निरोप कसा जातो ?

संगणकांच्या जाळ्यात मोठा निरोप अखंड पाठवीत नाहीत. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व तुकड्याचा अनुक्रमांक असतो. वाटेतील प्रत्येक ठाणे तो तुकडा घेते, पत्ता वाचते व पुढील ठाण्याकडे धाडते. सर्व तुकड्यांनी एकाच वाटेने गेले पाहिजे असे नाही. पोहोचल्यावर अनुक्रमांकाप्रमाणे ते पुन्हा जुळविले जातात. एखादा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागविला जातो. ह्या योजनेमुळे एकाच तारेचा लाभ अनेकांना एकाच काळी मिळतो, आणि एखादे ठाणे बंद पडले तरी दुसरी वाट असल्यास व्यवहार थांबत नाही.

वर्गातील कृती : बारा शब्दांचे एक वाक्य घ्यावे. तीन तीन शब्दांच्या चार चिठ्ठ्या कराव्यात. प्रत्येकीवर ‘कोणाकडून’, ‘कोणास’ व ‘क्रमांक’ लिहावे. वर्गाच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी एकेक विद्यार्थी ‘ठाणे’ म्हणून उभा करावा. ठाण्याने चिठ्ठीतील मजकूर वाचावयाचा नाही. केवळ पत्ता पाहून ती पुढे द्यावयाची. दुसऱ्या खेपेस मधले ठाणे ‘बंद’ करावे आणि चिठ्ठ्या कडेच्या वाटांनी जाऊ द्याव्यात. तिसऱ्या खेपेस एक चिठ्ठी गुपचूप काढून घ्यावी. घेणाऱ्या मुलाने क्रमांक पाहून कोणती चिठ्ठी हरवली ते ओळखावे व तेवढीच पुन्हा मागवावी. खेळ संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : प्रत्येक ठाण्याने आपल्या मनाप्रमाणे निराळा नियम केला असता, तर काय झाले असते ? उत्तर मुलेच देतील.

४. राज्यमार्गापासून राष्ट्रमार्गापर्यंत

१९८० नंतर अमेरिकेत संशोधनासाठी अतिशय सामर्थ्यवान असे महासंगणक काही मोजक्या केंद्रांत बसविण्यात आले. दूरच्या संशोधकांना त्यांचा उपयोग व्हावा म्हणून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८६ मध्ये एक देशव्यापी जाळे सुरू केले. थोड्याच दिवसांत त्याच्यावर इतकी गर्दी झाली की, ते अपुरे पडू लागले. तेव्हा १९८७ साली त्याच्या पुनर्रचनेचे काम मेरिटला देण्यात आले. आय.बी.एम. व एम.सी.आय. ह्या कंपन्या आणि मिशिगन राज्य शासन ह्यांचे तिला साहाय्य होते. नवे जाळे जुलै १९८८ मध्ये तेरा ठाण्यांसह कार्य करू लागले. भिन्न यंत्रे व भिन्न संस्था एकत्र नांदविण्याचा वीस वर्षांचा अनुभव एका राज्यात मिळाला होता. तो सबंध देशाच्या उपयोगी पडला.

ह्या जाळ्याची रचना त्रिस्तरीय होती. तिची तुलना रस्त्यांशी करता येते. सर्वांत वर राष्ट्रीय कणा, म्हणजे जणू राष्ट्रीय महामार्ग; त्यास जोडलेली राज्यांची व विभागांची जाळी, म्हणजे जणू राज्यमार्ग व जिल्हामार्ग; आणि त्यांस जोडलेली प्रत्येक संस्थेची अंतर्गत जाळी, म्हणजे गावातील रस्ते. महामार्ग कितीही रुंद असला, तरी गावचा रस्ता चिखलाचा असेल तर गाडी गावाबाहेरच अडते. ३० एप्रिल १९९५ रोजी हा राष्ट्रीय कणा बंद करण्यात आला, कारण तोपर्यंत खाजगी कंपन्यांची जाळी ते काम करू लागली होती. परंतु राज्याचे शैक्षणिक जाळे बंद झाले नाही. त्याची आवश्यकता का राहिली, ते पुढे दिसेल.

५. वेगाचे गणित

जाळ्याचा वेग ‘सेकंदास किती बिट’ असा मोजतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक. रोमन लिपीतील एक अक्षर साठविण्यास सामान्यतः आठ बिट लागतात.

उदाहरण : एका पुस्तकास २०० पाने आहेत व प्रत्येक पानावर २,००० अक्षरे आहेत. एकंदर अक्षरे ४,००,०००; एकंदर बिट ३२,००,०००.

(अ) १९८६ च्या राष्ट्रीय जाळ्याचा वेग सेकंदास ५६,००० बिट होता. पुस्तक पाठविण्यास सुमारे ५७ सेकंद लागत.

(आ) १९८८ च्या जाळ्याचा वेग सेकंदास सुमारे १५ लक्ष बिट होता. तेच पुस्तक सुमारे २ सेकंदांत जाई.

(इ) त्यानंतर काही वर्षांतच हा वेग सेकंदास सुमारे ४ कोटी ५० लक्ष बिट करण्यात आला. आता सेकंदाचा सुमारे चौदावा भाग पुरे होई.

येथे मराठीचा हिशेब अवश्य करून घ्यावा. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेस २४ बिट लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी ह्या स्वतंत्र खुणा धरल्या जातात. म्हणून ‘क’ ला २४, तर ‘कि’ ला ४८ बिट होतात. तेवढ्याच खुणांच्या मराठी पुस्तकास तिप्पट म्हणजे ९६ लक्ष बिट लागतील. वरील तिन्ही वेगांनी त्यास किती वेळ लागेल, हे विद्यार्थ्यांनी काढावे. (उत्तरे : सुमारे १७१ सेकंद, ६.४ सेकंद, सेकंदाचा सुमारे पाचवा भाग.)

केवळ पुस्तकासाठी इतका वेग नको, हे खरे. परंतु रुग्णाच्या शरीराची अंतर्गत छायाचित्रे, हवामानाची मापे किंवा आकाशनिरीक्षणाची नोंद ह्यांचे बिट पुस्तकाच्या सहस्रावधी पट असतात. आणि एका शाळेतील तीस मुले एकाच वेळी चलच्चित्र पाहू लागली, तर तो भारही लहान नसतो.

६. काचेची तार

आज ह्या वेगाचा भार मुख्यतः प्रकाशतंतू वाहतात. प्रकाशतंतू म्हणजे अत्यंत शुद्ध काचेचा, केसाइतका बारीक धागा. त्याचा गाभा व भोवतालचे आवरण ह्यांच्या काचेत थोडा फरक असतो. त्यामुळे गाभ्यात शिरलेला प्रकाश कडेवर परावर्तित होत होत पुढे जातो, बाहेर पडत नाही. प्रकाशाची उघडझाप म्हणजेच शून्य व एक. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी ह्यांनी ह्या विषयात आरंभीचे मोलाचे संशोधन केले. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेश पाठविता येतील, हे चार्ल्स काओ ह्यांनी १९६६ साली दाखवून दिले. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेरिटची स्थापनाही १९६६ चीच आहे, हे मुलांना सांगितल्यास दोन्ही गोष्टी लक्षात राहतील.

७. मधला टप्पा

धागा स्वस्त असतो. चर खणणे महाग असते. एक मैल चर खणण्याचा खर्च, त्या मैलावर शंभर घरे असोत की चार, जवळजवळ तेवढाच येतो. शंभर घरे असल्यास तो शंभरांत वाटला जातो, चार असल्यास चारांतच. आता फळ्यावरील आकडा पाहावा : शेकडा तीस भूमी, शेकडा तीन लोक. नफ्याच्या हिशेबाने चालणारी कंपनी अशा प्रदेशात आपण होऊन का जात नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. राज्याचे सार्वजनिक जाळे राहणे अगत्याचे ठरले, ते ह्याच कारणाने.

२००९ च्या आर्थिक मंदीच्या काळात अमेरिकेच्या केंद्र शासनाने लोकांना काम मिळावे म्हणून मोठा निधी काढला. त्यातून मेरिटला २०१० साली दोन हप्त्यांत मिळून सुमारे १० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. ह्या निधीतून पुढील काही वर्षांत राज्याच्या दोन्ही द्वीपकल्पांत, मुख्यतः ग्रामीण भागांत, सुमारे २,३०० मैल प्रकाशतंतू टाकण्यात आला. शाळा, ग्रंथालये, महाविद्यालये, रुग्णालये अशा सार्वजनिक संस्था जोडणे हा त्याचा हेतू होता. शिवाय गावातील घरे जोडू इच्छिणाऱ्या कंपन्यांनाही ह्या मार्गाचा लाभ घेता यावा, अशी योजना होती. ह्यास ‘मधला टप्पा’ म्हणतात. शहरापासून गावापर्यंतची वाट त्यामुळे झाली. परंतु गावापासून घरापर्यंतची वाट अद्याप उरलीच होती.

८. शेवटचे घर

ती वाट उरल्याचा परिणाम काय होतो, हे एका पाहणीने दाखविले. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या क्वेलो केंद्राने मेरिटच्या सहकार्याने २०१९ मध्ये पंधरा शाळा-मंडळांच्या क्षेत्रांतील, मुख्यतः ग्रामीण भागातील, इयत्ता आठवी ते अकरावीच्या ३,२०० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. उपनगरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ७७ जणांच्या घरी वेगवान जोडणी होती. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात हे प्रमाण शेकडा ४७ होते. ज्यांच्या घरी जोडणी नव्हती, ते गृहपाठ पुरा करण्यात मागे पडत, त्यांना गुण कमी मिळत व त्यांचे संगणककौशल्यही कमी भरे. ज्यांच्याकडे केवळ मोबाईलवरील जोडणी होती, त्यांची स्थिती विशेष निराळी नव्हती. आणि कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीचा प्रभाव हिशेबातून वेगळा काढला, तरी हा फरक उरतच होता.

हा निष्कर्ष मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात साथीमुळे मिशिगनमधील शाळा बंद झाल्या, आणि घर हीच शाळा झाली. पन्नास वर्षांपूर्वी तीन विद्यापीठांनी आरंभिलेले जाळे खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचले होते. परंतु शेताच्या कडेला राहणाऱ्या मुलाच्या घरी ते नसेल, तर त्या मुलापुरते ते नसल्यासारखेच होते.

९. आपल्या देशातील स्थिती

भारतातही ह्या कार्याचा प्रारंभ शिक्षणसंस्थांनीच केला. १९८६ साली ‘एर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन जाळे सुरू झाले. आरंभीच्या आठ संस्थांपैकी दोन, म्हणजे पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, मुंबईतील होत्या. मार्च २०१० मध्ये केंद्र शासनाने विद्यापीठे व संशोधनसंस्था वेगवान मार्गाने जोडणाऱ्या ‘राष्ट्रीय ज्ञानजाळ्या’स मान्यता दिली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ असे नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंतचा तंतू हा मधला टप्पा होय. तेथून शाळेपर्यंत, आणि शाळेपासून वाडीवस्तीपर्यंत, हा शेवटचा टप्पा होय. ह्या टप्प्याची नेमकी स्थिती गावोगाव निराळी असते, आणि ती गावातील शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

शिक्षकांनी करावयाचे कार्य

(१) वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी जोडणी आहे काय, असल्यास ती केवळ मोबाईलवरची आहे काय, आणि तो मोबाईल सायंकाळी मुलाच्या हाती येतो की कामावर गेलेल्या वडिलांबरोबर असतो, ह्याची नोंद करावी. ही विचारपूस एकेका मुलाकडे स्वतंत्रपणे करावी. चारचौघांत करून कोणास ओशाळे करू नये.

(२) ही नोंद हाती येईपर्यंत, घरी जोडणी असल्यावाचून होणार नाही असा गृहपाठ कोणासही देऊ नये. असे काम शाळेच्या वेळेतच करवून घ्यावे.

(३) एकत्रित आकडे, मुलांची नावे न घालता, शाळा व्यवस्थापन समितीपुढे व ग्रामसभेपुढे ठेवावेत. मिशिगनमध्ये शिक्षणसंस्थांनी मोजमाप केले, म्हणूनच गैरसोयीची केवळ तक्रार न राहता तिचा हिशेब झाला.

स्वाध्याय

१. तीन विद्यापीठांनी एकाच जातीचे संगणक न घेता दुभाषी यंत्रे बसविली. ह्यापासून त्यांना कोणता लाभ झाला ?

२. एक मैल चर खणण्यास अमुक एक रक्कम लागते असे धरा. शंभर घरांच्या व चार घरांच्या वस्तीत प्रत्येक घरावर पडणाऱ्या खर्चाचे प्रमाण काढा.

३. प्रकाशास काचेतून ६०० किलोमीटर जाण्यास किती वेळ लागेल ?

४. आपल्या गावाचा नकाशा काढून त्यात ग्रामपंचायत, शाळा व सर्वांत दूरची वस्ती दाखवा. तेथपर्यंत तंतू न्यावयाचा झाल्यास तो कोणत्या रस्त्याने न्यावा, आणि मध्ये ओढा, टेकडी वा शेत आल्यास कोणाची संमती घ्यावी लागेल, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.